निर्वानाच्या 'इन यूटेरो'ची तीस वर्षांची आवृत्ती : कोणती घ्यावी, कशी ऐकावी, पुण्यात कशी सांभाळावी

सुईखालचा

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडचा 'इन यूटेरो' हा अल्बम २१ सप्टेंबर १९९३ ला आला. त्याची तीस वर्षांची आवृत्ती आली २७ ऑक्टोबर २०२३ ला. इथे वेगवेगळ्या धाग्यांवर याबद्दल तुटक प्रश्न येत राहतात आणि बहुतेकांचा रोख एकच असतो: घरात जुनी सीडी किंवा २०१३ ची आवृत्ती असताना ही घ्यायची का, आणि घेतलीच तर फरक कानाला कळेल का? म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

आधी एक घोळ मिटवू. २०१३ आणि २०२३ या दोन आवृत्त्यांमध्ये झालेलं काम मुळातच वेगळं आहे. २०१३ मध्ये, मूळ अल्बम रेकॉर्ड करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने मल्टिट्रॅक टेपवरून (जिच्यावर प्रत्येक वाद्य वेगळं असतं) अख्ख्या अल्बमचं मिक्सिंग नव्याने केलं. म्हणजे ड्रम्स, बास, गिटार, गळा यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाणच बदललं. २०२३ मध्ये मिक्सला हात लावलेला नाही. १९९३ च्या मूळ अॅनालॉग स्टीरिओ मास्टर टेपवरून बॉब वेस्टनने फक्त मास्टरिंग (ठरलेल्या मिक्सचा आवाज छापण्याआधी शेवटचा सावरणं) नव्याने केलंय. हा वेस्टन शेलॅक या बँडमध्ये अल्बिनीसोबत बास वाजवायचा, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातल्या पॅकीडर्म स्टुडिओत हा अल्बम रेकॉर्ड झाला तेव्हा अल्बिनीचा सहायकही तोच होता. त्या खोलीत ड्रम्स प्रत्यक्ष कसे वाजत होते हे ज्याने ऐकलंय त्याच्या हाती टेप गेली, ही या आवृत्तीची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

खोलीचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. अल्बिनीने ड्रम्सच्या भोवती तीसेक मायक्रोफोन लावले होते. 'व्हेरी एप' आणि 'टूरेट्स' या वेगवान गाण्यांसाठी तर ड्रम्स उचलून स्टुडिओच्या स्वयंपाकघरात नेले, कारण तिथला नैसर्गिक घुमारा हवा होता. कृत्रिम रिव्हर्बऐवजी खोलीच वाजवायची, ही त्याची पद्धत. अशा रेकॉर्डिंगवर मास्टरिंगमध्ये लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं यंत्र) जोरात दाबला की ठोक्याचं टोक बसतं आणि मागचा घुमारा वर येतो, स्नेअर कडक वाजण्याऐवजी फुगल्यासारखा वाजतो. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकायच्या असतील तर 'सेंटलेस अप्रेंटिस'ची ड्रम्सची सुरुवात घ्या. काठी चामड्यावर पडते तो क्षण आणि त्यानंतर खोली विरत जाते ते अंतर, एवढंच ऐका. गिटार सुरू झाली की हे झाकलं जातं.

नवी_रेकॉर्ड

एकूण किती प्रकार निघालेत? आठ एलपींचा बॉक्स, पाच सीडींचा बॉक्स, शिवाय एक साधी एलपी दिसतेय. कशात काय आहे?

टेपवाला

मोठे बॉक्स दोन, ८ एलपी किंवा ५ सीडी. ऐवज दोन्हींत तोच: ७२ ट्रॅक, त्यातले ५३ आधी अप्रकाशित. पण हे ५३ म्हणजे स्टुडिओतली नवी गाणी असं समजून पैसे घालू नका. नव्या मालात सगळा भर लाइव्हचा आहे. ३० डिसेंबर १९९३ चा लॉस एंजेलिसचा अख्खा कार्यक्रम, ७ जानेवारी १९९४ चा सिअॅटलचा अख्खा कार्यक्रम, आणि वर रोम, स्प्रिंगफिल्ड, न्यू यॉर्क इथली मोजकी गाणी. साउंडबोर्डच्या स्टीरिओ टेपवरून हे लाइव्ह काम जॅक एंडिनोने उभं केलंय. निर्वानाचा १९८९ चा पहिला अल्बम 'ब्लीच' ६०६ डॉलर आणि १७ सेंटमध्ये रेकॉर्ड करणारा तोच.

स्टीरिओ साउंडबोर्ड टेपची मर्यादा समजून घ्या. त्या टेपवर जातं ते सभागृहातल्या स्पीकरला पाठवलेलं मिश्रण. अॅम्प्लिफायर मंचावरच जोरात वाजत असतात, त्यामुळे अशा टेपवर गळा पुढे आणि गिटार मागे असणं ही नेहमीची अडचण. ते प्रमाण नंतर सावरणं जिकिरीचं असतं. एंडिनोच्या हातून ते चांगलं उतरलंय असं माझं मत. या दौऱ्यात सोबत असलेल्या पॅट स्मिअरची दुसरी गिटार वेगळी ओळखू येते, आणि या दौऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मला तीच हवी असते.

लहान प्रकार दोन. एक, २ सीडी. दुसरा, अल्बमची एलपी आणि सोबत बी-साइड्स (सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी) व जादा गाण्यांची १० इंची रेकॉर्ड. ज्याला फक्त वेस्टनचं मास्टरिंग ऐकायचंय त्याला लहान संच पुरतो. दोन कार्यक्रम पूर्ण हवे असतील तरच मोठा घ्या. आणि २०१३ चं मिक्स २०२३ च्या कुठल्याही बॉक्समध्ये नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ते हवं असेल तर २०१३ चीच आवृत्ती शोधावी लागेल.

कर्वेनगर_४५

१० इंची रेकॉर्डचा विषय निघालाच आहे तर हे वाचल्याशिवाय कोणीही ती लावू नका.

घरोघरी असलेल्या पूर्ण स्वयंचलित टर्नटेबलवर मापाचा खटका बहुधा दोनच जागांचा असतो: ३० सेंटिमीटर (१२ इंच) आणि १७ सेंटिमीटर (७ इंच). २५ सेंटिमीटरची सोयच नसते. खटका ३० वर ठेवून स्टार्ट दाबलं की आर्म १२ इंची रेकॉर्डच्या काठाला जाऊन उतरतो. तिथे आपली रेकॉर्ड नसतेच, सुई थेट फिरत्या मॅटवर किंवा प्लॅटरच्या कडेवर आपटते. हिऱ्याचं टोक तुटलं नाही तरी कँटिलिव्हर (टोक धरणारी बारीक दांडी) वाकतो, आणि वाकलेला कँटिलिव्हर सरळ करायच्या भानगडीत पडायचं नसतं, स्टायलस (सुईचा अख्खा भाग) बदलावाच लागतो.

त्यामुळे स्टार्टचं बटण विसरा. क्यू लिव्हरने (आर्म वर-खाली करायच्या दांडीने) आर्म वर घ्या, हाताने रेकॉर्डच्या काठावर आणा, बाजूने वाकून सुई रिकाम्या कडेच्या वर आहे याची खात्री करा आणि मगच लिव्हर खाली. प्रकाश कमी असेल तर मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, वरून धरलात तर काठ चमकतो आणि अंदाज चुकतो. वेग लेबलवर वाचून घ्या, माप बघून ठरवू नका.

पेठेतला_पंखा

परदेशातून मागवताना भाडं नुसत्या वजनावर लागत नाही, वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्यावर लागतं, इथे बरेच जण फसतात. कुरिअरवाले साधारणपणे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात. खोका ४० × ४० × १५ असेल तर २४,००० भागिले ५००० म्हणजे ४.८ किलो. आठ रेकॉर्ड प्रत्येकी १८० ग्रॅम धरल्या तर व्हिनिलचं वजन दीड किलोच्या आतच, पण पैसे ४.८ किलोचे. सीमाशुल्क लागतं ते मालाची किंमत, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर, त्यामुळे महाग कुरिअर निवडलं की शुल्कही वाढतं. केवायसीची कागदपत्रं आधीच अपलोड करून ठेवा, नाहीतर पार्सल मुंबईत अडकून पडतं.

ऋतूही बघा. मार्च ते मे या काळात मागवू नका. व्हिनिल साठेक अंशांना मऊ पडायला लागतं आणि दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत तेवढं तापमान सहज होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे रेकॉर्ड मागवायचा खरा हंगाम.

मोठ्या बॉक्सच्या दर्शनी भागावर देवदूताच्या चित्राचं अॅक्रिलिकचं पॅनल आहे, आत ४८ पानी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. कोपऱ्यावर आदळलेल्या पार्सलमध्ये आधी हे पॅनल बघा. खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा. सीलबंद रेकॉर्डही लगेच उघडून डोळ्यांच्या पातळीवर फिरवून बघा. वाकलेली निघाली तर परत करायची मुदत सील न फोडता संपून जाते.

नवी_रेकॉर्ड

'ऑल अपॉलॉजीज'ला गळ्यातले 'स' चरचरतात. रेकॉर्ड नवीन आहे, धुतलेली आहे. प्रेसिंग (रेकॉर्डची छपाई) खराब असेल का?

कर्वेनगर_४५

आधी दोष प्रेसिंगला देऊ नका. अल्बम ४१ मिनिटांचा, दोन्ही बाजूंना सहा-सहा गाणी. पहिल्या बाजूच्या शेवटी 'डम्ब' येतं, दुसरीच्या शेवटी 'ऑल अपॉलॉजीज'. दोन्ही चेलो असलेली गाणी, दोन्ही लेबलच्या जवळ.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बाहेरच्या काठाशी (केंद्रापासून १४६ मिलिमीटर) खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते. आत ६० मिलिमीटरवर तीच २१ सेंटिमीटर. तितकाच आवाज आता निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. 'स'सारख्या उच्च कंप्रतेच्या आवाजाची वळणं इतकी अरुंद होतात की साध्या गोल किंवा जाड लंबगोल सुईला त्यात शिरताच येत नाही. ४५ च्या वेगाला त्याच ६० मिलिमीटरवर २८ सेंटिमीटर मिळतात, म्हणून २०१३ च्या मिक्सची ४५ च्या वेगाची दोन एलपींची आवृत्ती शेवटच्या गाण्यांना जास्त सुटसुटीत वाजते. त्यात वेगाचा वाटा किती आणि मिक्सचा किती, हे वेगळं धरायला हवं.

तुमच्याकडे काय तपासायचं ते सांगतो. सुई रेकॉर्डवर किती दाबते ते वजन डिजिटल काट्यावर मोजा, आर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजला (आर्मच्या टोकाचा, सुई बसते तो भाग) २.० ग्रॅम, ऑर्टोफोनच्या टू-एम रेडला १.८. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते ही समजूत उलटी आहे. हलकी सुई खाचेत आपटत जाते आणि तिनेच भिंती खरवडल्या जातात. अँटी-स्केट (आर्म आत ओढला जातो ते थोपवणारा जोर) वजनाइतकाच ठेवून सुरुवात करा. मग कागदी प्रोट्रॅक्टर (कोन तपासायचा तक्ता) छापून (छापताना १०० टक्के, 'फिट टू पेज' नको, पट्टीने मोजून घ्या) दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेषेला समांतर आहे का बघा. चरचर एकाच स्पीकरमधून जास्त येत असेल तर अँटी-स्केटवर संशय घ्या, दोन्हींतून सारखी येत असेल तर कोन किंवा सुई.

सगळं जुळूनही चरचर राहिली तर व्हीएम९५ च्या त्याच बॉडीवर मायक्रोलाइनचा (एमएल, जास्त बारीक टोकाचा) स्टायलस बसतो. अख्खं कार्ट्रिज बदलायची गरज नाही, फक्त पुढचा भाग ओढून काढायचा. शेवटच्या गाण्यांसाठी याहून मोठी सुधारणा मला ठाऊक नाही.

आलेख

ज्यांना जुनी सीडी आणि २०२३ ची सीडी यांची तुलना करायचीये त्यांच्यासाठी पद्धत लिहितो, कारण 'नवी जास्त भरदार वाटली' या वाक्याला पातळी जुळवल्याशिवाय काही अर्थ नसतो. अर्ध्या-एक डेसिबलने मोठा आवाज माणसाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो.

दोन्ही सीडी सुरक्षित मोडमध्ये (वाचनातल्या चुका तपासत) फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावणाऱ्या फाइलींत, काढा. फूबार या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एकेका गाण्याचा आर१२८ लाउडनेस (कानाला जाणवणारी पातळी) मोजा. जास्त असलेली फाइल खाली आणा, कमी असलेली वर नेऊ नका, क्लिपिंग होतं (शिखरं कापली जातात). फरक ०.२ डेसिबलच्या आत आला की एबीएक्स प्लगइन (कोणती फाइल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणारं) लावा. वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा निवडा आणि १६ फेऱ्या करा. १६ पैकी निदान १२ बरोबर आल्या तरच फरक कळतो म्हणा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

दोन ठिकाणी अडखळायला होतं. अमेरिकेबाहेरच्या १९९३ च्या सीडीवर 'ऑल अपॉलॉजीज' संपल्यावर वीसेक मिनिटं शांतता आहे आणि त्यानंतर 'गॅलन्स ऑफ रबिंग अल्कोहोल' हे छुपं गाणं. ते सगळं एकाच ट्रॅकमध्ये येतं. आधी ट्रॅक कापून घ्या, नाहीतर दोन वेगळ्या गाण्यांचा मिळून एकच आकडा येईल. दुसरं, काही जण दोन फाइली एकमेकींतून वजा करून उरलेला आवाज 'हा बघा फरक' म्हणून दाखवतात. टेप दोन वेळा वेगवेगळ्या यंत्रांवर वाजवली की वेगात किंचित हेलकावा येतोच आणि फाइली काही सेकंदांत एकमेकींपासून सरकतात. वजाबाकीत उरतं ते हे सरकणं, मास्टरिंगचा फरक नव्हे.

आणि हो, व्हिनिलवरून रेकॉर्ड केलेल्या फाइलचा डायनॅमिक रेंजचा (शिखरं आणि सरासरी पातळी यांतल्या अंतराचा) आकडा सीडीपेक्षा जास्त आला म्हणजे व्हिनिलचं मास्टरिंग वेगळं, असं ठरवू नका. रेकॉर्डचा गडगडाट आणि फेजमधले बदल यांनी शिखरं उंच होतात आणि आकडा फुगतो. तीच दाबलेली फाइल रेकॉर्डवर कापली तरी आकडा वाढलेला दिसतो.

सुईखालचा

आलेख, उत्तम. यात एक भर. 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही दोन गाणी तुलनेला घेऊ नका, किंवा घेतलीत तर वेगळी घ्या. १९९३ मध्येच स्कॉट लिट या निर्मात्याने ती पुन्हा मिक्स केली होती, त्यामुळे अल्बममध्ये ती वेगळ्या हातची आहेत. या दोन्हींची अल्बिनीची मूळ १९९३ ची मिक्स २०१३ च्या संचात मिळतात.

तानपुरा

मग प्रमाण आवृत्ती कोणती मानायची? माझ्या मते २०१३ ची. रेकॉर्ड करणाऱ्याला स्वतःच्या हाताने पुन्हा करायला मिळालं, बँडमधल्या हयात लोकांची संमती होती, आणि कंपनीची घाई नव्हती.

टेपवाला

तानपुरा, मला हे पटत नाही. १९९३ च्या स्टीरिओ टेपवर बँडचा गायक कर्ट कोबेन याची मोहर आहे. लिटकडे दोन गाणी द्यायचा निर्णय, बॉब लडविगने तेव्हा केलेल्या मास्टरिंगमध्ये बास आणि गळा उठावदार करायचा निर्णय, हे सगळं तो असताना झालं. २०१३ चं मिक्स तो हयात नसताना झालं. अल्बिनीबद्दल मला अपार आदर आहे. रॉयल्टी घेणं हा बँडचा अपमान आहे म्हणून फक्त एकरकमी एक लाख डॉलर घेणारा माणूस होता तो, ७ मे २०२४ ला गेला. पण अल्बम कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःही 'बँडचा' असंच दिलं असतं. म्हणून माझ्यासाठी २०२३ ची आवृत्ती महत्त्वाची. ठरलेलं मिक्स तसंच ठेवून टेपवरचं जास्तीत जास्त आपल्यापर्यंत आणणं, एवढंच काम तिने केलंय.

तानपुरा

पटण्यासारखं आहे. तरी 'मिल्क इट' मी २०१३ चंच ऐकणार.

आता पुण्यातल्या साठवणीबद्दल, कारण त्यात जास्त नुकसान होतं. जून ते सप्टेंबर कव्हरला बुरशी धरते. रेकॉर्डचं कपाट पावसाकडच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, तिरक्या नको, आणि माळ्यावर मुळीच नको, वर पत्रा असेल तर उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. बाहेरचं कव्हर पीव्हीसीचं घेऊ नका. काचेसारखं चकचकीत आणि चिकट लागतं ते. त्यातला मऊपणा आणणारा द्रव रेकॉर्डवर उतरतो आणि धुरकट डाग पडतो, तो निघत नाही. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचं घ्या. बोहरी आळीत १३ बाय १३ इंचांच्या सुमाराच्या साध्या पिशव्या घाऊक मिळतात, त्या चालतात. नुसत्या कागदी आतल्या पाकिटांनी केसासारखे ओरखडे येतात, तीही बदला.

धुण्यासाठी एक लिटरचं प्रमाण: डिस्टिल्ड वॉटर ८०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली, फोटोग्राफीत वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी सारखं पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब. थेंब जास्त झाले तर थर राहतो आणि सुईला लोकर धरते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी कधीच नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि मग कायमची चटचट. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात, मग उभी ठेवून वाळवा. लेबल कोरडं ठेवा. अल्कोहोल पेटतं, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब करा हे काम.

आणि हे फार महत्त्वाचं: पुण्यात बऱ्याच घरांत बालगंधर्वांच्या ७८ च्या रेकॉर्ड आहेत, जुन्या बाजारातही त्या मिळतात. त्या लाखेच्या आहेत. हे मिश्रण त्यांना लावलंत तर लाख विरघळते आणि आवाज कायमचा जातो. त्यांना फक्त डिस्टिल्ड पाणी आणि वेटिंग एजंट, तेही झटपट पुसून. एलपीची सुईसुद्धा त्यांना चालत नाही, तिथे ६५ ते ७५ मायक्रॉनची जाड सुई लागते.

नवी_रेकॉर्ड

आणखी एक. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेलं जुनं टर्नटेबल स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतंय, पण सगळंच संथ आणि खर्जात वाजतं. बेल्ट बदलून पाहिला.

कर्वेनगर_४५

बेल्टचा दोष नाही. त्यात एसी सिंक्रोनस मोटर असणार. ती विजेच्या कंप्रतेवर चालते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, कंप्रता बदलत नाही. ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे मिळतात, म्हणजे सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच खाली. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळते का बघा, नाहीतर लेथवर करून घेता येते: जिथे बेल्ट बसतो तो मोटर-पुलीचा व्यास १.२ पट हवा (बेल्टची जाडी धरून). डीसी मोटर आणि अॅडॉप्टर असलेल्या टर्नटेबलला हा त्रास नसतो.

सोबत ५० हर्ट्झची गुणगुणही येत असेल तर टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर फोनो प्रीअॅम्पच्या (सुईचा बारीक संकेत वाढवणाऱ्या डबीच्या) स्क्रूला लावलीये का बघा. जुन्या वाड्यांत दोन पिनांची वायरिंग असते, अर्थिंगच नसतं, तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि आवाज फाटून येत असेल तर टर्नटेबलच्या मागचा खटका लाइनवर आणि केबल अॅम्पच्या फोनोत, असं झालेलं असतं. दोन प्रीअॅम्प एकामागे एक लागतात. दोन्हींपैकी एकच ठेवा.

पेठेतला_पंखा

फोनो प्रीअॅम्पचे सुटे आरसीए सॉकेट आणि शील्डेड वायर तपकीर गल्लीत मिळते. वायर मीटरवर घ्या, पण टर्नटेबलपासून प्रीअॅम्पपर्यंत एक मीटरच्या वर जाऊ नका. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या (वर सांगितलेल्या दोन्हींसारख्या) कार्ट्रिजला केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता, लांबीसोबत वाढते) वाढली की वरचे सूर बदलतात, आणि मग आपण पुन्हा मास्टरिंगवर वाद घालत बसतो.

नवी_रेकॉर्ड

मोटरच्या पाटीवर ६० हर्ट्झच लिहिलंय. पुलीचा व्यास कॅलिपरने मोजून इथे टाकते. तोवर एलपी आणि १० इंचीचा लहान संच डिसेंबरमध्ये मागवायचं ठरवलंय.

कर्वेनगर_४५

व्यास मोजताना बेल्ट बसतो त्या फुगीर भागाच्या मधोमध मोजा. ३३ आणि ४५ साठी दोन पायऱ्या असतील तर दोन्ही टाका, लेथवाल्याला दोन्ही मापं एकदमच द्यावी लागतात.